जिथून चारी दिशा दिसतात

वणव्यावर नजर ठेवणारा मनोरा कुठे उभारायचा हे ठरवताना अमेरिकेच्या वनखात्यातल्या जुन्या मंडळींनी सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहिली: इथून किती मुलूख दिसतो. पाणी जवळ आहे का, वाट सोयीची आहे का, वारा कुठून येतो, हे सगळं नंतर. त्यामुळे 'लुकआउट' म्हणून ओळखली जाणारी ती चारी बाजूंनी काचेची खोली नेमकी अशा टोकावर सापडते जिथे झाड नाही, झरा नाही आणि पाठ टेकायला आडोसा नाही. जिथून आपल्याला सगळं दिसतं, तिथे वाऱ्याला, उन्हाला आणि विजेलाही आपण दिसतो. गट घेऊन एका दिवसात तिथे जाऊन यायचं तर निघायचं कधी, पाणी किती घ्यायचं, जिन्यावर एका वेळी किती जण, माघारी कधी वळायचं, ही सगळी उत्तरं या एका गोष्टीतूनच निघतात.

या मनोऱ्यांच्या मागे एक भयंकर आठवण आहे. १९१० च्या ऑगस्टमध्ये, २० आणि २१ तारखेला, सोसाट्याच्या वाऱ्याने आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टनमधल्या सुट्या सुट्या आगी एकत्र आणल्या. सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं आणि ८५ हून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक आग विझवायलाच गेलेली होती. त्यानंतर वनखात्याने एक गोष्ट मनाशी पक्की केली: धूर चुलीएवढा असतानाच दिसला पाहिजे. पुढे १९३३ ते १९४२ या काळात, मंदीत बेकार झालेल्या तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून डोंगरांत रस्ते झाले, टेलिफोनच्या तारा गेल्या आणि शिखराशिखरांवर मनोरे उभे राहिले. पश्चिमेकडे सर्वांत जास्त दिसणारी खोली १४ फूट बाय १४ फुटांची. तिचं नाव 'एल-४'. तिचे भाग खालीच मापात कापून, गठ्ठे बांधून खेचरांच्या पाठीवर वर नेत. खेचराच्या पाठीवर जे बसेल तेच वर जाणार, हे गृहीत धरूनच तिचा आराखडा झाला होता. आज शिखरावर पोचून त्या तुळयांकडे पाहताना हे लक्षात असलं, तर आपल्या पाठीवरच्या सॅकबद्दल तक्रार करवत नाही.

पुढे विमानं आली, मग कॅमेरे आले. पुष्कळ मनोरे पाडले गेले, काही मुद्दाम जाळून टाकले. जे उरले त्यातले काही स्वयंसेवकांनी दुरुस्त करून राखले आहेत, काही एका रात्रीसाठी भाड्याने मिळतात, आणि काहींवर आजही उन्हाळ्यात माणूस बसतो.

कुठला मनोरा, किती माणसं

गटातल्या सर्वांत कमी सवय असलेल्या माणसावरून मनोरा निवडावा. वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानातला माउंट फ्रीमाँटचा लुकआउट ७,१८१ फुटांवर आहे, पण वाट मुळात उद्यानातल्या सनराइझ या उंचावरच्या ठिकाणापासून सुरू होते. त्यामुळे जाऊन येऊन साडेपाच मैलांच्या आसपास चाल आणि चढ हजारेक फुटांचा. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हा छान. यलोस्टोनमधला माउंट वॉशबर्न जाऊन येऊन सहा मैलांचा, चढ १,४०० फुटांचा. आकडे सोपे वाटतात, पण माथा दहा हजार फुटांच्या वर आहे आणि समुद्रसपाटीवरून आदल्या दिवशीच आलेल्या माणसाला तिथे बोलता बोलता धाप लागते. याउलट सिअ‍ॅटलहून तासाभराच्या अंतरावरचा ग्रॅनाइट माउंटन: जाऊन येऊन ८.६ मैल आणि चढ ३,८०० फूट. इथे माथा फक्त ५,६२९ फुटांवर, हवा विरळ नाही, पण पोटऱ्या आणि गुडघे दोघांचीही परीक्षा. शिखराची उंची वाचून अवघडपणा ठरवणारा इथे हमखास फसतो. पाहायचा तो चढ, आणि तो किती मैलांत विभागला आहे ते.

पुढचा हिशेब याच ग्रॅनाइट माउंटनवर करू, कारण गटाच्या सगळ्या अडचणी तिथे एका दिवसात भेटतात.

हा डोंगर आल्पाइन लेक्स या संरक्षित रानात येतो आणि तिथे गटाची मर्यादा १२ जणांची आहे. चौदा जण जमले तर 'दोन गट करून लागोपाठ जाऊ' असं म्हणून वाटेत एकत्र चालणं हे मर्यादा मोडणंच आहे. दोन गट म्हणजे दोन वेगळ्या दिशा, किंवा निदान दोन वेगळ्या वेळा आणि दोन वेगळे म्होरके. वाटेच्या तोंडाशी खोक्यात ठेवलेला दिवसाचा परवाना भरायचा, तो फुकट असतो. गाडी लावण्यासाठी नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो, एका गाडीला दिवसाचे ५ डॉलर. बारा जण पाच गाड्यांतून आले तर पाच पास लागतात आणि सकाळी आठनंतर पाच जागा तर मिळतच नाहीत. तीन गाड्यांत बसावं.

ऋतूबद्दल एकच सांगायचं, पण ते ठासून. ग्रॅनाइटची वाट एका घळीला छेदून जाते आणि त्या घळीतून हिवाळ्यात आणि वसंतात हिमकडे कोसळतात. खाली हमरस्ता कोरडा, गाड्यांची ये-जा चालू, ऊन पडलेलं, आणि वर दोन हजार फुटांवर बर्फ सुटायच्या बेतात, असं तिथे एप्रिल-मेमध्ये सर्रास असतं. पार्किंगमधून दिसणाऱ्या चित्रावर विसंबून गेलेल्यांचे इथे जीव गेले आहेत. जुलै मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंतचा काळ गटासाठी योग्य, आणि तेव्हाही आदल्या दिवशी हिमस्थिती आणि धुराची पातळी दोन्ही पाहायची. ज्या वणव्यांसाठी हे मनोरे झाले, त्यांचाच धूर ऑगस्टमध्ये दरी भरून टाकतो. अशा दिवशी चढणं फुप्फुसांना वाईट आणि वर जाऊन दिसतही काही नाही. बेत पुढे ढकलावा.

घड्याळाचा हिशेब

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो अजून चालतो: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. ग्रॅनाइटवर एका बाजूचं अंतर ४.३ मैल, म्हणजे सुमारे १ तास २५ मिनिटं. चढ ३,८०० फूट, म्हणजे १ तास ५५ मिनिटं. बेरीज ३ तास २० मिनिटं. पण हा एकट्या, सवय असलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा वेळ आहे. बारा जणांच्या गटात कुणाची नाडी सुटते, कुणाला जाकीट काढायचं असतं, कुणाला झाडामागे जायचं असतं. बारा जणांचे बारा छोटे थांबे एकापाठोपाठ एक येतात आणि प्रत्येक वेळी सगळे थांबतात. म्हणून एक तृतीयांश वेळ वाढवायचा. साडेचार तास झाले. माथ्यावर एक तास, उतरायला तीन. एकूण साडेआठ. सकाळी सातला पाय उचलला तर साडेअकराला माथा, साडेबाराला परत फिरणं, साडेतीनला गाड्या.

सातला चालायला लागणं म्हणजे सातला पार्किंगमध्ये जमणं नव्हे. जमल्यावर बूट, बाटल्या, परवाना, शौचालयाची रांग आणि मोजणी यात २५ मिनिटं जातात. जमायची वेळ साडेसहा सांगावी.

आणि माघारी फिरायची वेळ आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवावी: एक वाजता जिथे असू तिथून मागे. माथा समोर दिसत असताना हा निर्णय घ्यायला सांगितला तर कुणीच मागे फिरत नाही, म्हणून तो घरी बसून घेऊन ठेवायचा. रॉकीजमध्ये, जिथे उन्हाळ्यात दुपारी ढग गडगडतात, तिथे ही वेळ आणखी अलीकडे ओढून माथ्यावरून बारापर्यंत खाली यायला लागावं.

चाल

सुरुवातीचा मैलभर वाट प्रॅट लेकच्या वाटेबरोबरच जाते. दाट सावली, मऊ माती, गप्पा. मग उजवीकडे फाटा फुटतो आणि तिथून खरा चढ. हा फाटा गटासाठी पहिला धोका आहे, कारण पुढचे गप्पांच्या नादात सरळ निघून जातात आणि मागचे बरोबर वळतात. नियम साधा ठेवावा: प्रत्येक फाट्यावर, वाट कितीही उघड असली तरी, शेवटचा माणूस येईपर्यंत थांबायचं. शेवटचा कोण, हे ठरलेलं हवं. पिछाडीला अनुभवी माणूस, त्याच्याजवळ प्रथमोपचाराची पेटी. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही, फोटो काढायलासुद्धा नाही.

सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पिछाडीला ठेवण्याची चूक बहुतेक गट करतात. मग काय होतं ते बघा. पुढचे सहा जण वळणावर दहा मिनिटं बसतात, पाणी पितात, श्वास शांत होतो. सावकाश चालणारा धापा टाकत तिथे पोचतो आणि तो पोचला म्हणून पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही, आणि तिसऱ्या थांब्यापर्यंत त्याचा धीर सुटतो. उपाय दोन. त्याला म्होरक्याच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर चालवायचं, म्हणजे गटाचा वेग आपोआप त्याचा वेग होतो. आणि थांब्याची मिनिटं शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची.

चढावर बरोबर वेग म्हणजे ज्या वेगात पूर्ण वाक्य बोलता येतं तो. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. पहिला थांबा वीस-पंचवीस मिनिटांतच घ्यावा, अंगावरचा एक थर उतरवायला आणि टाचेला काही चुरचुरतंय का हे विचारायला. बुटात गरम वाटायला लागतं तेव्हाच चिकटपट्टी लावली तर फोड येत नाही. 'बघू पुढे' म्हटलं की तासाभरात पाणी धरतं, आणि मग ती जागा दिवसभर सोलत राहते. हा प्रश्न मोघम विचारू नये, नाहीतर सगळे 'ठीक आहे' म्हणतात. एकेकाचं नाव घेऊन विचारावं.

नागमोडी वळणं तोडून सरळ वर चढायचा मोह उतारावर जास्त होतो. तो आवरावा. वळणं तुटली की पावसाचं पाणी त्या सरळ चरातून धावतं, माती नेतं, आणि दोन हंगामांत वाटेच्या जागी ओहोळ उरतो. शिवाय वरून सुटलेला दगड खालच्या वळणावरच्या आपल्याच माणसाच्या डोक्यावर येतो.

पाण्याचं गणित असं: बेताच्या हवेत चढताना तासाला अर्धा लिटर, उन्हात त्याहून जास्त. साडेआठ तासांच्या दिवसाला माणशी साडेतीन ते चार लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून लोक दोनच बाटल्या घेतात आणि 'वर मिळेल' म्हणतात. वर मिळत नाही. पाणी खाली वाहतं आणि लुकआउट सगळ्यात वर असतो, त्यामुळे तिथे राहणाऱ्या माणसालाही पाणी खालून पाठीवर आणावं लागे किंवा बर्फ वितळवावं लागे. आजही ज्या मनोऱ्यावर माणूस आहे, तिथे त्याच्याकडे पाणी मागू नये. ते त्याने किंवा खेचराने वाहून आणलेलं आणि मोजून वापरायचं पाणी असतं.

झाडं संपली की वारा सुरू होतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे ग्रॅनाइटच्या चढाला सात-साडेसात अंश. त्यात घामाने भिजलेला सदरा. माथ्यावर पोचल्यावर थंडी वाजायची वाट न बघता, पोचताक्षणी जाकीट चढवावं. अंगातली ऊब एकदा गेली की ती परत आणायला जेवणाचा अर्धा तास जातो.

शेवटच्या टप्प्यात मोठमोठे धोंडे आहेत. इथे काठ्या सॅकला बांधून हात मोकळे करावेत. धोंडा हलतो का ते पाऊल टाकून बघायचं, मग वजन टाकायचं. एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने चालायचं नाही, तिरकं चालायचं. दगड सुटला तर मराठीत, इंग्रजीत, कशातही, पण लगेच आणि मोठ्याने ओरडायचं.

जिना

उघड्या, कातळी शिखरावर मनोरा उंच लागत नाही, खोली जमिनीलगत किंवा थोड्या चौथऱ्यावर बसते. पूर्वेकडे, जिथे माथ्यांवरही झाडी असते, तिथे झाडांच्या शेंड्यांवरून पाहायला पोलादी सांगाडा लागला. न्यूयॉर्क राज्यातले असे बरेच मनोरे शिकागोच्या एअरमोटर कंपनीने पुरवले. ती मुळात पवनचक्क्या बनवणारी कंपनी, आणि त्या मनोऱ्याची चार पायांची जाळीदार घडण पाहिली की पवनचक्कीशी नातं लगेच ओळखू येतं. कॅट्सकिल डोंगरांतल्या हंटर माउंटनवरचा मनोरा ६० फूट उंच आहे. त्याच्यावरची खोली जेमतेम सात फूट बाय सात फूट, आणि आत जायला खोलीच्या तळातच एक झडपेसारखा दरवाजा, जो डोक्याने नाही तर तळहाताने वर ढकलायचा असतो.

चढण्याआधी पाटी वाचावी. एका वेळी किती जण, हे तिथे लिहिलेलं असतं. चार म्हटलं असेल तर चारच, आणि त्यात जिन्यावर चढत असलेले धरायचे. बारा जणांना तीन फेऱ्या, प्रत्येकी बारा-पंधरा मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटं. माथ्यावरच्या एका तासातला हा मोठा भाग आहे, म्हणून पहिले चार जण वर असताना बाकीच्यांनी जेवायला बसावं. सॅक खाली ठेवायची. फोन हातात धरून चढायचं नाही, कारण दोन्ही हात कठड्याला हवेत. दोन टप्प्यांच्या मधल्या एका जिन्यावर एकच माणूस. लाकडी पायऱ्या असतील तर मधोमध पाय न टाकता कडेला, जिथे फळीला आधार आहे तिथे टाकावा. फळी मध्येच कुजते, कारण पाणी तिथे साचतं. मनोरा ताणून धरणाऱ्या तारांना हात लावायचा नाही, त्यांना धरून झोका तर मुळीच घ्यायचा नाही. वाऱ्यात सांगाडा थोडा हलतो. तो हलण्यासाठीच तसा बांधला आहे, हे आधी सांगितलं की माणसं घाबरत नाहीत. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी नजर पुढच्या पायरीवर ठेवावी, जाळीतून खाली पाहू नये, आणि अर्ध्यातून परतावंसं वाटलं तर खुशाल परतावं. गटाने त्यावर चकार शब्द काढू नये. चिडवल्यामुळे वर गेलेला माणूस उतरताना गोठतो, आणि त्याला साठ फुटांवरून खाली आणणं ही दिवसातली सर्वांत अवघड गोष्ट ठरते.

माणूस असलेल्या मनोऱ्याखाली उभं राहून आधी हाक द्यायची आणि 'वर येऊ का' विचारायचं. ते त्याचं घरही आहे आणि कचेरीही. रेडिओवर बोलणं चाललं असेल तर सगळ्यांनी गप्प राहायचं, कारण त्यातला एखादा आकडा चुकीचा ऐकू गेला तर कुठेतरी माणसं चुकीच्या दरीत उतरतात.

खोलीच्या मधोमध

एल-४ च्या आत पाऊल टाकलं की पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे सगळं सामान बुटकं आहे. खाट, चूल, टेबल, फडताळ, काहीही खिडकीच्या खालच्या चौकटीपेक्षा उंच नाही. नजर कुठेही अडू नये म्हणून. बाहेर खिडक्यांवरची झापं उन्हाळ्यात वर उचलून आडवी टेकवलेली असतात, त्यांची सावली होते. हिवाळ्यात तीच खाली सोडून खोली बंद करतात. एका कोपऱ्यात कदाचित ते स्टूल असेल: साधं, लाकडी, पण चारही पायांच्या टोकांना काचेच्या वाट्या, टेलिफोनच्या खांबावर तारांना असतात तशा. वीज कडाडायला लागली की माणूस या स्टुलावर जाऊन बसे किंवा उभा राही. छपरावरून तांब्याच्या तारा चारी कोपऱ्यांनी जमिनीत गेलेल्या असतच, तरीही.

आणि मधोमध, फक्त तीच एक वस्तू उंच, ती म्हणजे ऑस्बोर्नचं अग्निशोधक यंत्र. वनखात्यातल्या विल्यम बुशनेल ऑस्बोर्न यांनी १९१० च्या दशकात ते बनवलं, पुढे सुधारत नेलं, आणि काही मनोऱ्यांवर ते आजही कामात आहे. त्यात बॅटरी नाही, पडदा नाही. एका चौथऱ्यावर गोल नकाशा, आणि नकाशाचा बरोबर मध्यबिंदू म्हणजे तो मनोरा. भोवती ३६० अंशांच्या खुणा कोरलेलं धातूचं कडं. कड्यावर समोरासमोर दोन उभ्या पट्ट्या. डोळ्याजवळच्या पट्टीत बारीक फट, पलीकडच्या चौकटीत घोड्याचा एक केस उभा ताणलेला. दोन्हींच्या मध्ये नकाशावरून जाणारी पोलादी फीत.

धूर दिसला की फटीला डोळा लावायचा आणि कडं फिरवत तो केस धुराच्या बुडावर आणायचा. बुडावरच, शेंड्यावर नाही, कारण धूर वर जाता जाता वाऱ्याने कलतो आणि शेंडा आगीपासून मैलभर दूर असू शकतो. मग अंश वाचायचे. फितीखाली नकाशावर जी रेघ आली तिच्यावर कुठेतरी ती आग आहे. कोपऱ्यातला खांब आड आला तर? म्हणून अख्खं यंत्र रुळांवर काही इंच सरकतं, खांब बाजूला होतो आणि अंश तेच राहतात. इतका साधा विचार, पण नसता केला तर चारी कोपऱ्यांमागे चार आंधळ्या पट्ट्या राहिल्या असत्या.

एका मनोऱ्याची रेघ दिशा सांगते, अंतर सांगत नाही. दुसऱ्या मनोऱ्यावरून दुसरी रेघ आली की जिथे छेदतात तिथे आग. रेघा काटकोनाच्या जवळपास छेदल्या तर बिंदू नेमका मिळतो. जवळजवळ समांतर असल्या तर त्यांचा छेद लांबट, पसरट होतो आणि मग तिसऱ्या मनोऱ्याला विचारावं लागतं. चूक किती महागात पडते, तेही मोजता येतं. दहा मैलांवर एका अंशाची चूक म्हणजे सुमारे ९२० फूट. दाट जंगलात, तिरक्या उतारावर, ९२० फूट म्हणजे वेगळी घळ.

हे गटाने करून पाहण्यासारखं आहे. यंत्राला हात न लावता, आपला कागदी नकाशा पसरून. दक्षिणेला रेनियर दिसत असेल तर दिशा लावणं सोपं जातं. फोनमधलं होकायंत्र वापरणार असाल तर दोन गोष्टी आधी तपासा. एक, ते खऱ्या, म्हणजे नकाशावरच्या उत्तरेवर लावलेलं आहे की चुंबकीय, म्हणजे सुई दाखवते त्या उत्तरेवर. वॉशिंग्टनच्या कॅस्केड पर्वतात या दोन उत्तर दिशांमध्ये साधारण १५ अंशांचा फरक आहे, आणि दहा मैलांवर १५ अंश म्हणजे अडीच मैलांहून जास्त. दोन, पोलादी मनोऱ्यावर, कठड्याला टेकून घेतलेली दिशा विश्वासाची नसते. लोखंडापासून दूर, मोकळ्या खडकावर जाऊन पुन्हा घ्यावी.

धूर, धुकं, धूळ

इथे थोडा वेळ नुसतं बसावं. लुकआउटचं काम म्हणजे एकटक बघत बसणं असं वाटतं, पण तसं बघितलं तर डोळे काही दिसेनासेच होतात. क्षितिजाचे पट्टे पाडून, जवळून दूर, डावीकडून उजवीकडे, ठरावीक वेळाने फिरून बघायचं, आणि मधल्या वेळात डोळ्यांना विसावा द्यायचा. मुलूख तोंडपाठ झाला की नवीन काही आलं तर ते आपणहून खुपतं.

पाऊस पडून गेल्यावर घळींमधून धुक्याच्या बारीक शेंड्या उठतात. त्या हुबेहूब धुरासारख्या दिसतात आणि नवख्या माणसाला दिवसभर फसवतात. ओळखायची खूण बुडाशी आहे. धुकं सरकतं, विरतं, दुसरीकडे उगवतं. धूर एका जागी रोवलेला असतो. वरचा भाग कसाही वाकला तरी बूड हलत नाही. धूळ त्याउलट पळते, एका रेषेत, आणि ती रेष नकाशावरच्या कच्च्या रस्त्याशी जुळते. झाडीतली कोवळी आग निळसर, विरळ धूर देते, गडद पार्श्वभूमीवर दिसते आणि फिकट आकाशावर हरवते. सूर्य डोक्यावर असताना उजेड सपाट होतो, तेव्हा सगळ्यात कमी दिसतं. सकाळी आणि संध्याकाळी, उन्हाच्या तिरिपेत, धुराची बारीक दोरीसुद्धा उजळून निघते. वीज पडलेलं झाड आतल्या आत अनेक दिवस धुमसून मग पेटू शकतं. म्हणून वादळानंतर स्वच्छ उजाडलेली सकाळ या कामात महत्त्वाची.

गटाला खरंच धूर दिसला तर ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर सांगायचं ते असं: आपण कुठे आहोत, दिशा किती अंश आणि कुठल्या उत्तरेपासून, कुठल्या डोंगरधारेच्या अलीकडे की पलीकडे, बूड दिसतंय का, रंग कोणता, वाढतोय का, आणि पहिल्यांदा किती वाजता दिसला. एकाने बोलावं, दुसऱ्याने नजर धुरावरून न हटवता तिथेच उभं राहावं.

गडगडाट

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजायचे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आला तर वीज आपल्यावरही पडू शकते. पण सेकंद मोजायची वेळ येण्याआधीच निघालेलं बरं. दुपारच्या ढगांची टोकं फुलकोबीसारखी वर चढायला लागली की डबे बंद करावेत. बाकीचे जिन्याच्या रांगेत असले तरी. काचेची खोली आसरा वाटते, आणि लुकआउटवाल्यासाठी तारा-स्टुलांसकट तिची सोय केलेलीही होती, पण ओसाड पडलेल्या मनोऱ्याच्या तारा शाबूत आहेत की चोरीला गेल्या हे पाहुण्याला कळत नाही. पोलादी मनोऱ्याखाली तर उभंच राहायचं नाही. धारेवरून उतरून सारख्या उंचीच्या झाडीत शिरायचं, एकट्या झाडापासून लांब. एकत्र घोळका न करता निदान पन्नास-पन्नास फुटांवर पांगायचं, कारण वीज जमिनीतूनही पसरते आणि घोळक्यात असलो तर एकाच झटक्यात सगळे पडतात, मदतीला कुणी उरत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं वर जायचं नाही.

उतार

अपघात बहुधा उतारावर होतात. पाय थकलेले, मन खालच्या गाडीत पोचलेलं. निघण्यापूर्वी बुटाच्या नाड्या घोट्याशी घट्ट बांधाव्यात, नाहीतर पाऊल पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं होतं. काठ्या चढापेक्षा पाच-दहा सेंटिमीटर लांब कराव्यात. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला. शेवटचा अर्धा लिटर पाणी आणि मूठभर खारं काहीतरी उतारासाठी राखून ठेवावं. वर कातळावर माती नसते, म्हणून शौचाचं काम झाडीत येईपर्यंत थांबवावं आणि तिथे सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाण्यापासून दोनशे फूट दूर. मूत्राच्या मिठासाठी पहाडी बकऱ्या येतात आणि झुडपं उकरून काढतात, म्हणून ते काम वाटेपासून लांब, उघड्या खडकावर करायचं.

फाट्यावर परत मोजणी. बारा. वाटेच्या तोंडाशी परत मोजणी. मग घरी ज्याला परतायची वेळ सांगून ठेवली होती त्याला निरोप, आणि गाड्या एकेक करून सुरू करून पाहायच्या, बंद पडलेली गाडी मागे राहू नये म्हणून.

लुकआउटला जाणाऱ्या बऱ्याच वाटांचा शेवट कच्च्या रस्त्यावर होतो. तिथून गाड्या निघतात तेव्हा ऊन तिरपं झालेलं असतं, आणि वर कुणी बसलं असेल तर त्याची संध्याकाळची फेरी नुकतीच सुरू झालेली असते. दरीत एक फिकट रेघ उठते. तो फटीला डोळा लावतो, केस तिच्या बुडावर आणतो. बूड सरकतंय, रस्त्याच्या वळणाबरोबर वळतंय. धूळ आहे. कडं पुढच्या धारेकडे फिरतं.